मनाला आपण काय खाऊ घालतो?

मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत मी नातवावर खेकसलो. गर्दीत त्याने माझा हात सोडला, एवढाच त्याचा अपराध. ‘अगदी बेअक्कल आहेस!’ मग गाभाऱ्यासमोर मी भक्तिभावाने हात जोडले. बाहेर त्या भल्याथोरल्या नंदीपाशी प्रसाद वाटताना धाकट्या नातीच्या हातून पेढा पडला. लगेच नातू म्हणाला, ‘अगदी बेअक्कल आहेस!’ शब्द माझे, सूरही माझाच.

तैत्तिरीय उपनिषदाने माणसाचे पाच थर सांगितले आहेत : अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय. पुढे वेदान्ताने त्यांना कोश म्हटले. मन बरोबर मधले. प्रत्येक थराला उपनिषद पक्ष्याचे रूप देते. मनोमय पक्ष्याचे डोके यजुर्वेद, उजवा पंख ऋग्वेद, डावा सामवेद आणि शेपूट अथर्ववेद! मला यातून एवढेच उमगते, की शरीर अन्नाचे तसे मन शब्दांचे बनलेले असते.

२०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो. शाळाशाळांतून मुले आसने, प्राणायाम करतात. फार चांगली गोष्ट आहे. पण ही पहिल्या दोन थरांची मशागत झाली. तिसऱ्या थराची शाळा घरातच भरते आणि तिला सुट्टी नसते. मुलाच्या डब्यात काय द्यायचे, याचा आपण दहादा विचार करतो. त्याच्या कानात काय पडते, याचा एकदा तरी करतो का?

कुणी विचारील, मग मुलांना रागवायचेच नाही का? जरूर रागवावे. पण ‘हात सोडू नकोस’ हे वागण्याला सांगणे झाले. ‘बेअक्कल आहेस’ हा माणसावर मारलेला शिक्का झाला. पहिले ऐकून मूल सावध होते. दुसरे त्याच्या मनाचा भाग होऊन बसते आणि संधी मिळताच धाकट्यावर उलटते.

मुद्गल पुराणात गणपतीचा लंबोदर अवतार क्रोधासुराला शरण आणतो. तो असुर मी रांगेत बरोबर घेऊनच उभा होतो.

अष्टविनायकाची यात्रा मोरगावपासून सुरू करण्याची प्रथा आहे. मीही तिथूनच सुरुवात केली. परतताना नातवाला म्हणालो, ‘बाळा, मघाशी माझे चुकले.’ तो नुसता बघत राहिला. हे शब्द त्याने माझ्या तोंडून प्रथमच ऐकले होते.