विश्लेषण : फॉर्म्युला वनचे दार उघडले, मग ‘आंद्रेट्टी’ हे नाव बाहेर का राहिले?

फॉर्म्युला वनमध्ये २०२६च्या हंगामापासून दहाऐवजी अकरा संघ आहेत. अकरावा संघ कॅडिलॅकचा. २०१६ मध्ये हास संघ आला, त्यानंतर पहिल्यांदाच एखाद्या पूर्णपणे नव्या संघाला प्रवेश मिळाला. हा संघ उभा करण्याची कल्पना, त्यासाठीचा पहिला अर्ज आणि नकार पचवून केलेला पाठपुरावा हे सारे अमेरिकेतील आंद्रेट्टी कुटुंबाचे. तरीही संघाच्या नावात आंद्रेट्टी नाहीत. असे का झाले? आणि तीन पिढ्या मोटारशर्यतीत घालवलेल्या घराण्याच्या आडनावाला आज नेमकी किंमत किती?

आंद्रेट्टी घराण्याची सुरुवात कोठून झाली?

मारिओ आंद्रेट्टी आणि त्यांचे जुळे भाऊ आल्डो यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९४० रोजी मोंतोना या गावी झाला. हे गाव तेव्हा इटलीत होते. आज ते क्रोएशियात असून त्याचे नाव मोटोवून आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग युगोस्लाव्हियाकडे गेला. १९४८ मध्ये आंद्रेट्टी कुटुंबाने घरदार सोडले आणि पुढची सुमारे सात वर्षे इटलीतील लुक्का येथील निर्वासितांच्या छावणीत काढली. याच काळात, १९५४ मध्ये, मारिओ यांनी मोंझा येथे इटालियन ग्रांप्री पाहिली. अल्बेर्तो अस्कारी हा तेव्हा त्यांचा आदर्श होता. १९५५ मध्ये हे कुटुंब जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील नाझरेथ या छोट्या गावात स्थिरावले.

नाझरेथमध्ये अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक होता. दोघा भावांनी १९४८ सालची जुनी हडसन मोटार दुरुस्त करून १९५९ मध्ये तेथे शर्यतींत उतरायला सुरुवात केली. वडिलांचा विरोध असल्याने हे सारे चोरून चालले होते. हंगामाच्या शेवटी आल्डो यांना गंभीर अपघात झाला, तेव्हा घरी पत्ता लागला.

मारिओ यांची कामगिरी इतकी वेगळी का मानली जाते?

बहुतेक शर्यतपटू एकाच प्रकारात नाव कमावतात. मारिओ यांनी १९६७ मध्ये डेटोना ५००, १९६९ मध्ये इंडियानापोलिस ५०० आणि १९७८ मध्ये फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. हे तिन्ही मिळवणारा दुसरा चालक झालेला नाही. १९६८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे फॉर्म्युला वनच्या पदार्पणाच्या शर्यतीतच त्यांनी पोल पोझिशन पटकावली होती. फॉर्म्युला वनमध्ये त्यांचे १२ विजय आहेत. अमेरिकेतील इंडी मोटारींच्या मालिकेत त्यांनी चार वेळा विजेतेपद मिळवले; त्यातले पहिले १९६५चे आणि शेवटचे १९८४चे.

ऑगस्ट १९७८ मधील डच ग्रांप्री हा त्यांचा फॉर्म्युला वनमधील अखेरचा विजय. त्यानंतर आजवर एकाही अमेरिकी चालकाला फॉर्म्युला वनची शर्यत जिंकता आलेली नाही. त्यामुळे अमेरिकेत ‘फॉर्म्युला वन’ आणि ‘आंद्रेट्टी’ हे शब्द जवळजवळ एकत्रच उच्चारले जात राहिले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. मारिओ यांचे जगज्जेतेपद मोंझा येथे निश्चित झाले, त्याच शर्यतीच्या सुरुवातीला त्यांचा लोटस संघातील सहकारी रॉनी पीटरसन अपघातात जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. आल्डो यांनी १९६९ मधील दुसऱ्या भीषण अपघातानंतर शर्यती कायमच्या सोडल्या. एकाच दिवशी जन्मलेल्या आणि एकाच मोटारीतून सुरुवात केलेल्या दोघांपैकी एक जगज्जेता झाला, दुसऱ्याच्या वाट्याला उर्वरित आयुष्यभर प्रेक्षकाची जागा आली. आल्डो यांचे २०२० मध्ये निधन झाले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला काय साधले?

मारिओ यांचे पुत्र मायकेल आणि जेफ, तसेच आल्डो यांचे पुत्र जॉन हे तिघेही शर्यतपटू झाले. १९९१ मध्ये मिलवॉकी येथील शर्यतीत मायकेल पहिले, जॉन दुसरे आणि मारिओ तिसरे आले. त्याच वर्षी हे चौघेही इंडियानापोलिस ५०० मध्ये उतरले होते आणि मायकेल इंडी मोटारींच्या मालिकेचे विजेते ठरले. इंडी शर्यतींतील मायकेल यांच्या विजयांची संख्या ४२ आहे. केवळ वडिलांच्या पुण्याईवर हे आकडे जमत नाहीत.

मात्र वडिलांची दोन शिखरे त्यांच्या हाती लागली नाहीत. पहिले फॉर्म्युला वन. १९९३ मध्ये मॅक्लारेन संघात आयर्टन सेना यांचे सहकारी म्हणून ते दाखल झाले. नवी मोटार, अनोळखी ट्रॅक, सरावाच्या फेऱ्यांवर आलेली मर्यादा आणि अमेरिकेतून ये-जा करण्याचा निर्णय यांमुळे हंगाम फसला. १३ शर्यतींनंतर ते परतले. विशेष म्हणजे, मोंझा येथील त्यांच्या अखेरच्या शर्यतीत ते तिसरे आले होते. त्यांची जागा मिका हाक्किनेन याने घेतली, जो पुढे दोनदा जगज्जेता झाला.

दुसरे शिखर इंडियानापोलिस ५००चे. १९९२ मध्ये २०० पैकी १६० फेऱ्या मायकेल आघाडीवर होते. अकरा फेऱ्या उरल्या असताना इंधनपुरवठा बंद पडला आणि मोटार थांबली. त्याच दिवशी त्याच शर्यतीत मारिओ आणि जेफ दोघेही अपघातात जखमी झाले. जेफ यांच्या पायांची दुखापत अतिशय गंभीर होती. इंडियानापोलिस ५०० कधीही न जिंकता सर्वाधिक, म्हणजे ४३१ फेऱ्या आघाडीवर राहण्याचा विक्रम आज मायकेल यांच्या नावावर आहे.

तिसऱ्या पिढीतील मार्को हा मायकेल यांचा मुलगा. २००६ मध्ये वयाच्या १९व्या वर्षी तो पहिल्यांदा या शर्यतीत उतरला. निवृत्तीतून परतलेले मायकेलही त्या दिवशी ट्रॅकवर होते. शेवटच्या काही फेऱ्यांत वडील पुढे होते, मग मुलाने त्यांना मागे टाकले. पण अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे सॅम हॉर्निश याने मार्कोला गाठले. फरक होता ०.०६३५ सेकंदाचा. मार्को दुसरा आला, मायकेल तिसरे. त्यानंतर मार्कोला तितकी जवळची संधी पुन्हा मिळाली नाही. २०२०ची पोल पोझिशन मिळवूनही ती शर्यत त्याला जिंकता आली नाही आणि २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १९६९ नंतर एकाही आंद्रेट्टीने चालक म्हणून इंडियानापोलिस ५०० जिंकलेली नाही. अमेरिकी माध्यमे याला ‘आंद्रेट्टी शाप’ म्हणतात.

मोटारशर्यतीत घराणी इतकी का दिसतात?

या खेळात सुरुवात सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंगपासून होते. कार्ट, टायर, मेकॅनिक, प्रवास हा खर्च पालकांनाच करावा लागतो. ज्या घरात आधीच शर्यतपटू आहे, तेथे पैसा, ओळखी आणि तांत्रिक ज्ञान ही तिन्ही भांडवले तयार असतात. मॅक्स व्हर्स्टापेनला घडवण्यात वडील योस यांचा वाटा मोठा आहे. तेही फॉर्म्युला वनचे चालक होते. कार्लोस सेन्झ याचे वडील रॅलीचे दोन वेळचे जगज्जेते.

पण आडनाव सुरुवातीची संधी देते, वेग देत नाही. फॉर्म्युला वनच्या इतिहासात वडील आणि मुलगा दोघेही जगज्जेते झाल्याची उदाहरणे दोनच आहेत : ग्रॅहम आणि डेमन हिल, तसेच केके आणि निको रोझबर्ग. सात वेळचे जगज्जेते मायकेल शूमाकर यांचा मुलगा मिक याला फॉर्म्युला वनमध्ये दोनच हंगाम मिळाले. स्टॉपवॉचला आडनाव वाचता येत नाही, आणि तुलना मात्र प्रत्येक फेरीत होते.

मायकेल यांनी वारसा वेगळ्या वाटेने कसा नेला?

चालक म्हणून जे साधले नाही, ते मायकेल यांनी संघमालक म्हणून मिळवले. २००३ पासून त्यांनी उभ्या केलेल्या संघाने इंडियानापोलिस ५०० पाच वेळा जिंकली : २००५, २००७, २०१४, २०१६ आणि २०१७ मध्ये. संघ पुढे विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेतही उतरला. मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ ज्या मालिकेत पहिल्या हंगामापासून आहे, तीच ही मालिका. २०२२-२३ मध्ये आंद्रेट्टी संघाच्या जेक डेनिस याने तिचे विजेतेपद मिळवले. राहिले होते फक्त फॉर्म्युला वन.

फॉर्म्युला वनने नकार का दिला?

२०२१ मध्ये मायकेल यांनी आधी सॉबर हा संघ विकत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर २०२२ मध्ये नवाच संघ काढण्याची इच्छा जाहीर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये जनरल मोटर्सची कॅडिलॅक ही नाममुद्रा सोबत आली. नियामक संस्था ‘एफआयए’ने अर्जदारांची छाननी करून ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त आंद्रेट्टींना मान्यता दिली.

पण फॉर्म्युला वनमध्ये दोन दारे आहेत. खेळाचे नियम एफआयए पाहते, तर व्यावसायिक हक्क अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाच्या मालकीच्या कंपनीकडे आहेत. बक्षिसाची रक्कम दहा संघांत वाटली जात होती. अकरावा आला की प्रत्येकाचा वाटा घटणार. ही तूट भरून काढण्यासाठी नव्या संघाने २० कोटी डॉलर भरावेत अशी तरतूद होती. मात्र ती ठरल्यानंतरच्या काळात संघांच्या किमती कितीतरी वाढल्या होत्या आणि ही रक्कम अपुरी असल्याचे संघांचे म्हणणे होते.

३१ जानेवारी २०२४ रोजी व्यावसायिक हक्कधारकांनी अर्ज फेटाळला. नवा संघ स्पर्धात्मक ठरणार नाही, सुरुवातीची वर्षे दुसऱ्याचे इंजिन वापरावे लागेल, ही कारणे दिली गेली. सर्वाधिक बोचणारा मुद्दा मात्र नावाचा होता. आंद्रेट्टी या नावामुळे फॉर्म्युला वनला जेवढा लाभ होईल, त्यापेक्षा फॉर्म्युला वनमुळे त्या नावालाच अधिक होईल, असा निष्कर्ष मांडण्यात आला. जनरल मोटर्सने स्वतःचे इंजिन आणले, तर २०२८ साठी पुन्हा विचार करू, असेही सांगण्यात आले.

मग निर्णय कसा फिरला?

मे २०२४ मध्ये ८४ वर्षांचे मारिओ वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी लिबर्टी मीडियाकडे खुलासा मागितला. स्पर्धाविरोधी वर्तन झाले का, याची चौकशी अमेरिकी न्याय विभागाने सुरू केल्याचे ऑगस्टमध्ये स्पष्ट झाले. शरद ऋतूत मायकेल यांनी संघाच्या दैनंदिन कारभारातून माघार घेतली आणि सूत्रे विमा-वित्त क्षेत्रातून आलेल्या डॅन टॉरिस यांच्याकडे गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तत्त्वतः मान्यता जाहीर झाली. अंतिम मंजुरी मार्च २०२५ मध्ये मिळाली. प्रवेशासाठी ४५ कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते.

नव्या रचनेत संघ कॅडिलॅकच्या नावाने उतरला. चालक म्हणून सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास या अनुभवी जोडीची निवड झाली. सुरुवातीला फेरारीचे इंजिन आणि पुढे जनरल मोटर्सचे स्वतःचे, अशी योजना आहे. म्हणजे दुसऱ्याचे इंजिन हा आक्षेप पहिल्या काही वर्षांपुरता कायमच राहिला. बदलले ते तीन मुद्दे : मोटार कंपनीची थेट बांधिलकी, मोठी रक्कम आणि नाव. मारिओ यांना संचालक मंडळावर बिगर-कार्यकारी संचालकपद मिळाले. मायकेल, ज्यांनी हा घाट घातला, ते चित्रात नाहीत.

घराण्याच्या वारशाचे पुढे काय?

या प्रकरणातून खेळाचे बदललेले अर्थकारण दिसते. एकेकाळी फ्रँक विल्यम्स किंवा ब्रूस मॅक्लारेन यांसारखी व्यक्ती आपल्या नावाने संघ काढू शकत होती. ती नावे आजही ग्रिडवर आहेत, पण त्या कुटुंबांची मालकी उरलेली नाही. संघाचे मोल अब्जावधी डॉलरमध्ये मोजले जाऊ लागल्यावर कुटुंबाच्या कष्टाने दारापर्यंत जाता येते, आत जायला मोठ्या कंपनीचा ताळेबंद लागतो.

अमेरिकेतील इंडीकार मालिकेत आंद्रेट्टी हे नाव अजून संघावर आहे. मात्र मार्कोच्या निवृत्तीनंतर तेथेही ते चालकाचे आडनाव राहिलेले नाही. मारिओ यांनी नकारानंतरही फॉर्म्युला वनचा नाद सोडला नाही आणि त्यांच्या हयातीत संघ उभा राहिला, हे खरेच. पण निर्वासितांच्या छावणीतून आलेल्या मुलाने जुन्या हडसन मोटारीवर कमावलेले नाव पुरेसे नाही, हेही त्याच निर्णयाने त्यांना ऐकवले. पुढची कसोटी ट्रॅकवरची आहे. मारिओ यांच्यानंतर फॉर्म्युला वन जिंकणारा अमेरिकी चालक या संघातून घडला, तर १९७८ पासूनची उणीव भरून निघेल. त्याचे आडनाव तेव्हा दुसरेच काही असेल.