मनगटावरचा मुकादम

व्यायामासाठी फिटनेस ट्रॅकर कोणता घ्यावा, या प्रश्नाला बाजारात शेकडो उत्तरे तयार आहेत. बॅटरी किती दिवस चालते, पडदा उन्हात दिसतो की नाही, पोहताना चालतो का, झोप मोजतो का, असे रकाने पाडून तुलनेचे तक्ते मांडले जातात आणि सुशिक्षित माणूस ते परीक्षेच्या अभ्यासासारखे वाचतो. एक रकाना मात्र या तक्त्यांत नसतो : दिसलेल्या आकड्याचे तुम्ही काय करणार? आमचे म्हणणे असे की, हा रकाना आधी भरला पाहिजे. तो भरू लागल्यावर अनेकांच्या लक्षात येईल, की आपल्याला यंत्राची गरजच नाही. काहींच्या लक्षात येईल, की गरज आहे, पण भलतेच यंत्र आपण पसंत करून बसलो होतो. खरेदीनंतर उपयोग शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ठोके मोजणारे यंत्र हे मुळात वाचन करणारे यंत्र आहे. शरीर ही त्याची संहिता. ती वाचून ते एक अर्थ लावते आणि तो अर्थ नसून वस्तुस्थितीच आहे, अशा थाटात सांगते. संहिता आणि तिचा लावलेला अर्थ यांतले अंतर विद्यार्थ्यांना शिकवण्यात ज्यांची हयात जाते, त्यांनी स्वतःच्या मनगटावरच्या वाचनापुढे मात्र मान तुकवावी, हे आम्हांला पटत नाही.

प्रथम हे वाचन कसे होते ते पाहू. यंत्रे मुख्यतः दोन जातींची. छातीचा पट्टा हृदयाच्या आकुंचनाबरोबर निर्माण होणारा विद्युत्संकेत त्वचेवरून टिपतो. फिनलंडमधल्या केंपेले गावी १९७७ साली स्थापन झालेल्या पोलार कंपनीने १९८०च्या दशकात असे बिनतारी यंत्र खेळाडूंच्या हाती दिले. मनगटी यंत्र हृदयापासून दूर असते आणि ते वीज टिपत नाही. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडते. रक्त तो शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त किंचित कमीजास्त होते आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून यंत्र ठोक्यांचे अनुमान करते. पट्टा सैल असला, हात गार पडले असले, त्वचेवर गोंदण असले, डंबेल धरून मनगट वाकवले, की या अनुमानात गोंधळ होतो. धावताना तर हाताच्या झोक्यांची लय हीच हृदयाची लय असे समजून ते पावलांचा आकडा ठोक्यांचा म्हणून दाखवू शकते. सावकाश, एकसारख्या चालण्यात ते पुरेसे बरोबर असते. म्हणजे जिथे आकड्याची फारशी गरज नसते तिथे ते विश्वासार्ह आणि जिथे गरज असते तिथे डळमळीत.

याहून गंभीर गोष्ट पुढची. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० जणांच्या मनगटांवर ७ यंत्रे तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. खर्च झालेल्या ऊर्जेच्या, म्हणजे कॅलरींच्या, बाबतीत मात्र सर्वांत बरे यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तरीही यंत्राच्या पडद्यावर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच वळणाच्या अंकांत, सारख्याच ठामपणे येतात. कादंबरीत एकाच निवेदकाच्या तोंडी अर्धे सत्य आणि अर्धी थाप आली तर आपण त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याकडे सावधपणे पाहतो. इथे मात्र त्याच्या शब्दावर विसंबून आपण संध्याकाळचा बटाटेवडा मंजूर करून घेतो.

आता ‘कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय’ या सूत्राकडे वळू. व्यायामशाळेच्या भिंतीवरचा तक्ता असो की यंत्रातले पाच रंगांचे पट्टे असोत, पुष्कळ ठिकाणी पाया याच सूत्राचा असतो. २००२ साली रॉबर्ग्ज आणि लँडवेअर या अमेरिकी अभ्यासकांनी त्याचा उगम शोधला. माग १९७१ सालच्या एका लेखापर्यंत गेला. पण तिथे या सूत्रासाठी केलेले स्वतंत्र संशोधन नव्हते. निरनिराळ्या अभ्यासांतले बिंदू एकत्र मांडून त्यांच्यावरून ढोबळपणे काढलेली ती रेषा होती. पाठचिकित्सा शिकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल : मूळ पोथीच नाही, पण प्रतीवरून प्रत निघत गेली आणि प्रतींच्या संख्येलाच प्रामाण्य आले. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असे सूत्र दिले. साठीच्या माणसासाठी जुने सूत्र १६० सांगते, नवे १६६. पण सूत्र कोणतेही घेतले तरी ते सरासरीचे असते. दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असलेला माणूस पूर्णपणे निरोगी असू शकतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर वर्गातले औषध घेणाऱ्याचे ठोके तर औषधानेच दाबलेले असतात. अशा माणसाने पडद्यावरचा पट्टा लाल होईपर्यंत धावायचे ठरवले तर त्याचे काय होईल, याची जबाबदारी त्या रंगसंगतीने घेतलेली नसते.

दहा हजार पावलांची कथाही याच कुळातली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’ या नावाचे यंत्र विकायला काढले. विक्रीसाठी ठेवलेले नाव पुढे आरोग्याचा नियम झाले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या साडेसोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि साधारण ७,५०० नंतर त्यात आणखी घट दिसेनाशी झाली. जी आजी साडेचार हजार पावलांवर थांबून ‘आज काही झाले नाही’ म्हणून हिरमुसते, तिला कोणी हे सांगितलेले नसते.

इथवर वाचून आमच्या वर्तुळातील काही मंडळी मान डोलावतील, याची आम्हांला कल्पना आहे. ‘आकडा खोटा, अनुभव खरा’ हा आपल्याकडचा आवडता सिद्धान्त. तो आम्हांला मान्य नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची परीक्षा प्राण्यांच्या चालीवरून सांगितली आहे : वाताची नाडी जळू आणि सर्पासारखी, पित्ताची कावळा आणि बेडकासारखी, कफाची हंस आणि पारव्यासारखी. उपमा म्हणून ही मांडणी सुंदर आहे. पण हंसाची चाल बोटांखाली ओळखायला गुरू लागतो आणि दोन वैद्यांचा हंस एकच आहे की नाही, हे ठरवायला साधन नसते. इटलीतल्या सांतोरिओने सतराव्या शतकाच्या आरंभी लंबकाच्या साहाय्याने नाडी मोजण्याचे साधन केले. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयरने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी मिनिटाचे घड्याळ वापरण्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर नाडी कोणालाही मोजता येऊ लागली. एका गावच्या परिचारिकेने सांगितलेला ११० हा आकडा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तसाच कळतो. त्यासाठी दोघांची गुरुपरंपरा एक असावी लागत नाही. आकड्याने ज्ञान मोकळे केले, हे विसरून चालणार नाही.

आजच्या यंत्रांनाही त्यांचे श्रेय दिले पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल घड्याळाच्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली आणि पुढे ज्यांनी अंगाला चिकटवायची पट्टी लावून तपासून घेतले, त्यांच्यापैकी ३४ टक्के जणांत हृदयाचा तो विशिष्ट विकार नोंदला गेला. ज्याला वेळीच डॉक्टरकडे जाता आले, त्याच्यापुढे आमची टीका अर्थातच फिकी आहे. आमचा आक्षेप मोजण्याला नाही. मोजणारा कोण, मोजमाप कोणासाठी आणि त्यावरून हुकूम कोण सोडतो, याला आहे.

कारण मोजमाप फार काळ निरुपद्रवी राहत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१८ साली सरकारी शाळांतले शिक्षक संपावर गेले. तुटपुंजा पगार आणि महागता आरोग्यविमा ही मुख्य कारणे. पण संतापात भर घालणारी आणखी एक गोष्ट होती. व्यायामाची नोंद ठेवणारे एक अ‍ॅप वापरून ठरावीक गुण मिळवा, नाहीतर विम्यासाठी जास्त पैसे भरा, अशी योजना त्यांच्यापुढे आली होती. विरोध झाल्यावर ती सक्ती मागे घ्यावी लागली. शिक्षकांची पावले मोजून त्यांना दंड करण्याची कल्पना आपल्याकडच्या प्राध्यापकांना परकी वाटू नये. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकनाची पद्धत आणली, तेव्हा शोधनिबंधांचे आणि चर्चासत्रांचे गुण जमवताना विचार करण्याला वेळ उरला नाही, अशी तक्रार आपणच केली होती. जे विद्येच्या बाबतीत अपमानास्पद वाटले, ते शरीराच्या बाबतीत आपण पैसे मोजून विकत घेतो आणि वर त्याला ‘प्रेरणा’ म्हणतो.

ऊसतोड कामगाराच्या दिवसाचा हिशेब मुकादम टनांत ठेवतो. त्या कामगाराने हा मुकादम हौसेने नेमलेला नसतो. पोटासाठी घेतलेल्या उचलीने त्याला तिथे आणून बांधलेले असते. मध्यमवर्गाची गंमत अशी, की अंगमेहनत करावी लागत नाही म्हणून तो व्यायाम करतो आणि व्यायामावर देखरेख करायला स्वखर्चाने मुकादम नेमतो. हा मुकादम नोंदी मालकाकडे पाठवतो, हेही विसरू नये. फिटबिट ही कंपनी २०२१च्या जानेवारीत गूगलच्या मालकीची झाली. या व्यवहाराला मंजुरी देताना युरोपीय आयोगाने युरोपीय ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरू नये, अशी अट घातली. अट घालावी लागली, यातच सर्व आले.

आणि एवढे करून प्रेरणा तरी मिळते का? पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी ४७१ जणांवर दोन वर्षे प्रयोग करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहार, व्यायाम आणि समुपदेशन दोन्ही गटांना होते. एका गटाला पुढे अंगावर घालायचे यंत्रही दिले. यंत्रवाल्या गटाचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी घटले, बिनयंत्रवाल्यांचे ५.९ किलोंनी. एका प्रयोगावरून सरसकट निकाल देऊ नये, हे खरे; पण यंत्र बांधले की शरीर सुधारतेच, हे गृहीतक त्याने नक्कीच मोडले.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान भाषेचे आहे. धाप लागणे, दम लागणे, श्वास फुलणे, ऊर धपापणे, छाती धडधडणे, जीव घाबरा होणे : मराठीत हे पर्यायी शब्द नाहीत, या वेगवेगळ्या अवस्था आहेत. जिना चढल्यावर दम लागतो. जीव घाबरा होतो तेव्हा खाली बसावे लागते. या छटांना वैद्यकातही किंमत आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रमाची जाणीव शब्दांत सांगण्यासाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या अंकाला दहाने गुणले की त्याच्या ठोक्यांच्या जवळपास उत्तर येते, असा तिचा बेत होता. त्याहून सोपी कसोटी म्हणजे बोलण्याची : चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम; दोन-चार शब्दांनंतर थांबावे लागते, तर जोरदार. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला आपल्या श्रमाची पातळी स्वतःच्याच गळ्यातून कळत असणार. तिच्या कष्टांचे उदात्तीकरण आम्हांला करायचे नाही. शरीराला स्वतःविषयी बोलता येते आणि ते ऐकण्याची सवय मोडली की ती परत लागायला वेळ लागतो, एवढेच म्हणायचे आहे. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘एकशे अठ्ठेचाळीस’ असे उत्तर देणारा माणूस प्रश्नच विसरलेला असतो.

तेव्हा निवड कशी करावी? प्रकृतीसाठी रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्याने काहीही घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची मर्यादा भिंतीवरच्या घड्याळावरही मोजता येते. शर्यतीची तयारी करणाऱ्याने, वेग कमीजास्त करत सराव करणाऱ्याने छातीचा पट्टा घ्यावा, त्याचे संवेदक ओले करून बांधावा, आणि आपले कमाल ठोके सूत्रावरून न ठरवता प्रत्यक्ष सरावातून ओळखावेत. हृदयविकार असलेल्याने किंवा त्यासाठीची औषधे घेणाऱ्याने आधी डॉक्टरकडून चाचणी करून आपली मर्यादा ठरवून घ्यावी. यंत्राचा विचार त्यानंतर. ज्याला नुसते उठून बसवणारे कोणीतरी हवे आहे, त्याने स्वस्तातला मनगटी पट्टा घ्यावा, हाडाच्या वर बोटभर घट्ट बांधावा, कॅलरींचा रकाना बंद करावा, नोंदी फोनबाहेर जाऊ न देणारे यंत्र मिळत असेल तर तेच निवडावे. आणि तीन महिन्यांनी महिनाभर ते कपाटात ठेवून पाहावे. चालणे चालू राहिले तर यंत्राचे काम झाले. थांबले, तर इतके दिवस आपण कोणासाठी चालत होतो, हे तरी कळेल.