मोर्चा संपल्यावर

मुलांनो, मोर्चा तुम्ही पाहिलेला आहे. सोयाबीनच्या भावासाठी रास्ता रोको झाला की एसटी उशिरा येते आणि आपला पहिला तास बुडतो, हे आपल्या वाशीम जिल्ह्यात कुणाला सांगायला नको! घोषणा, झेंडे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पण मोर्चा संपल्यावर त्यातली पोरं कुठं जातात, त्याचा फोटो सहसा येत नाही. आज त्या पोरांची गोष्ट.

१९७४ साली बिहारचे विद्यार्थी महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांनी जयप्रकाश नारायण यांना पुढारी म्हणून बोलावलं. सत्तरी ओलांडलेले जयप्रकाश आले. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांनी ‘छात्र युवा संघर्ष वाहिनी’ काढली. नियम मोठे मजेशीर. सभासद तिशीच्या आतलेच हवेत, आणि राजकीय पक्षात जायचं नाही. म्हणजे तिसाव्या वर्षी रिटायर! जूनमध्ये आणीबाणी आली, हजारो लोक तुरुंगात गेले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत सरकार बदललं.

जिंकलो, मग आता काय? त्या आंदोलनातले काही जण पुढं खासदार, मंत्री झाले. काही घरी जाऊन नोकरीला लागले. त्यात वाईट काही नाही, पोट सगळ्यांनाच असतं. वाहिनीची काही मुलं-मुली मात्र बिहारातच बोधगयेला गेली. तिथं एका मठाकडे हजारो एकर जमीन, आणि ती कसणारे मजूर भूमिहीन. १९७८ पासून तिथं लढा चालला. पुढं जमीन मिळू लागली, तेव्हा मजूर बायांनी विचारलं, पट्टा नवऱ्याच्याच नावावर कशाला? मग कितीतरी पट्टे बायांच्या नावावर झाले. तुमच्या घरच्या सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत, एकदा बघा बरं.

आपल्या विदर्भातही वाहिनीचे एक कार्यकर्ते होते, मोहन हिराबाई हिरालाल. आडनाव नाही. आधी आईचं नाव, मग वडिलांचं! १९८४ साली त्यांनी चंद्रपुरात ‘वृक्षमित्र’ ही संस्था सुरू केली आणि ते मेंढा गावात जाऊ लागले. आपण विदर्भाच्या पश्चिमेला, मेंढा पार पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. तिथं मोहनभाऊंनी भाषणं ठोकली नाहीत. गावातले देवाजी तोफा आणि इतरांबरोबर अभ्यासगट केला. बसायचं, माहिती काढायची, बोलायचं. मधमाश्या न मारता मध कसा काढावा, हासुद्धा अभ्यासाचा विषय! मला विचाराल तर तुरुंगात जाण्याइतकंच हे अवघड. टाळ्या नाहीत, हार नाहीत, नुसतं बसून ऐकायचं.

मेंढ्याची ग्रामसभा हात वर करून मतं मोजत नाही. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. आमच्या चौथीच्या वर्गानं सहलीचं ठिकाण असं ठरवून पाहिलं. सगळे लोणार म्हणत होते, एक पोरगी नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी कळलं, तिला गाडी लागते. पुढच्या सीटवर बसवायचं ठरलं आणि ती हसत तयार झाली. मतं मोजली असती तर हे कळलंच नसतं.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’, ही मेंढ्याची घोषणा. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच मागावा लागे. गाव अडून बसलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये वारले. पालकांना सविस्तर वाचायचं असेल तर मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक मिळवा, मुलांनाही त्यातलं वाचून दाखवता येईल.