नकाशा छाननीच्या एआय सॉफ्टवेअरची निवड : मागणीपत्र

प्रति,
सक्षम प्राधिकारी, इमारत नकाशा मंजुरी, चंडीगढ

विषय : बांधकाम नकाशांच्या छाननीसाठी एआय सॉफ्टवेअर निवडण्याचे निकष

महोदय,

चंडीगढ, मोहाली आणि पंचकुला येथे व्यवसाय करणारे मराठी आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल अभियंते आणि ड्राफ्ट्समन यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करत आहोत.

एआयला आमचा विरोध नाही. आमच्यापैकी अनेकांनी महाराष्ट्रात ऑटो-डीसीआर या नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर नकाशे दाखल केले आहेत. एक पॉलीलाइन उघडी राहिली की क्षेत्रफळ चुकते आणि फाइल परत येते, हे आम्ही अनुभवले आहे. पण तिथे निदान कोणता नियम अडला ते कळते. एआय नकाशा अंदाजाने वाचते, म्हणून त्याची पारख अधिक कडक हवी. आजवर जिथे जिथे काम केले तिथे प्रणाली आधी आली आणि आमचे म्हणणे नंतर विचारले गेले. या वेळी निकष निविदेआधी ठरावेत.

१. निवड चाचणीवर व्हावी
सादरीकरणात विक्रेता स्वतःच्या सोयीचे नकाशे दाखवतो आणि शेवटी सर्वांत कमी बोलीला काम मिळते.
मागणी : याच शहरातले २०० नकाशे चाचणीला घ्यावेत; १०० निर्दोष मंजूर झालेले आणि १०० ज्ञात त्रुटींचे. मालकांची नावे झाकावीत, विक्रेत्याला नकाशे आधी दाखवू नयेत. खोट्या हरकती आणि निसटलेल्या त्रुटी यांचे आकडे वेगवेगळे जाहीर करावेत. जिने आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग यांतल्या दर १०० त्रुटींपैकी २ हून अधिक निसटल्या, तर किमतीचा लिफाफा उघडण्याआधीच ते सॉफ्टवेअर बाद ठरावे.

२. इथली मापे सॉफ्टवेअरला कळावीत
इथला शहरी मरला २२५ चौरस फुटांचा, तर महसुली मरला २७२.२५ चौरस फुटांचा. दहा मरल्यांच्या भूखंडात ४७२.५ चौरस फुटांचा फरक पडतो. क्षेत्रफळ चुकले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.
मागणी : मरला, कनाल, चौरस यार्ड आणि मेट्रिक या चारही मापांतले नकाशे चाचणीत असावेत. फ्रेम कंट्रोलच्या, म्हणजे घरांच्या दर्शनी भागाची चौकट ठरवून देणाऱ्या, जुन्या व हाताने काढलेल्या नकाशांच्या स्कॅन प्रतीही असाव्यात.

३. हरकतीला नियमाचा आधार असावा
‘नियमबाह्य’ एवढ्याच शेऱ्यावरून दुरुस्ती करता येत नाही.
मागणी : प्रत्येक हरकतीत नियम क्रमांक, नियमाची आवृत्ती आणि नकाशावरची नेमकी जागा नमूद असावी, मग तो चंडीगढ बिल्डिंग रूल्स (अर्बन), २०१७ मधला नियम असो वा राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मधला. सर्व हरकती एकाच वेळी कळवाव्यात. नियम बदलल्यास १५ दिवसांत सॉफ्टवेअर अद्ययावत व्हावे; तोवर त्या नियमाची छाननी अधिकाऱ्यांनी करावी.

४. हेतूचा निवाडा यंत्राने करू नये
१० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने चंडीगढच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या, एका कुटुंबाच्या घरांचे अपार्टमेंटमध्ये विभाजन करण्यास मनाई केली. हा निकाल पाळणे आमचेही कर्तव्य आहे. पण तीन भावांच्या घरात तीन स्वयंपाकघरे असू शकतात आणि तीन अनोळखी खरेदीदारांसाठी आखलेल्या इमारतीतही. कागदावर रेषा सारख्याच दिसतात.
मागणी : अशी बाब यंत्राने केवळ शंका म्हणून नोंदवावी. निर्णय अर्जदाराचे म्हणणे ऐकून अधिकाऱ्यांनीच द्यावा.

५. नकारावर माणसाची सही असावी
‘सिस्टीमने नाकारले’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सिस्टीमकडे अपील करता येत नाही.
मागणी : प्रत्येक नकार नाव व पदासह सहीनिशी द्यावा. आक्षेपाला ७ कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि हरकत खोटी ठरल्यास फेरछाननीचे शुल्क घेऊ नये. आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार चंडीगढ भूकंप क्षेत्र चारमध्ये आहे. म्हणून सॉफ्टवेअरचा होकार हा स्ट्रक्चरल अभियंत्याच्या प्रमाणपत्राला पर्याय मानू नये.

६. नकाशे आमचे आहेत
कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार वास्तुरचना ही कलाकृती आहे. मंजुरीसाठी नकाशा दिला म्हणजे विक्रेत्याच्या यंत्राला शिकवण्याची परवानगी दिली, असे होत नाही.
मागणी : लेखी संमतीशिवाय नकाशांचा असा वापर करण्यास करारातच मनाई असावी आणि करार संपताच विक्रेत्याकडच्या प्रती नष्ट कराव्यात.

आमच्या मते यांपैकी एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेक मागण्यांसाठी निविदेत अटी घातल्या की पुरे. चाचणीचे नकाशे दप्तरात आहेत. निवडीनंतर पहिले ९० दिवस यंत्र आणि अधिकारी यांनी समांतर छाननी करावी. त्या काळात यंत्राची हरकत बंधनकारक नसावी. निवड समितीत आमचे दोन प्रतिनिधी घ्यावेत. ते मानधन घेणार नाहीत आणि कोणत्याही विक्रेत्याशी आपला संबंध नाही असे लिहून देतील.

३० दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे आणि तोवर निविदा काढू नये. हे निकष वगळून निविदा निघाल्यास निविदापूर्व बैठकीत आम्ही हेच सहा मुद्दे लेखी हरकत म्हणून नोंदवू.

कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव