उघड्यावरच्या रंगातले शिसेही थांबवा

घराला लावायच्या रंगात शिसे किती चालेल, याचा नियम आपल्याकडे आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तो काढला आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसे असण्यास मनाई झाली. मात्र औद्योगिक वापराचे रंग या मर्यादेबाहेर राहिले. पूल, कठडे, पाण्याच्या टाक्या, कुंपणे अशा उघड्यावरच्या लोखंडी कामांसाठी हेच रंग बनतात. गंज रोखणारे रेड लेडचे अस्तर शिशाचे असते. झळझळीत पिवळ्या-नारिंगी रंगासाठी लेड क्रोमेट वापरले जाते. शाळेच्या फाटकावर किंवा बागेतल्या घसरगुंडीवर कोणत्या डब्यातला रंग चढला, हे पालकांना कळायला मार्ग नाही. हा भेद संसदेने आणि पर्यावरण मंत्रालयाने मिटवायला हवा.

बाहेरचा रंग मुलांपासून लांब असतो, हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये नेत्रतज्ज्ञ जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मुलांच्या शिसेबाधेचे मूळ शोधले, तेव्हा बोट व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांकडे गेले. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांना लागे आणि हातांवाटे तोंडात जाई. त्यानंतर १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांचे हात पोहोचतील अशा बाहेरच्या भागांवर शिशाचा रंग लावायला कायद्याने बंदी केली. आपल्याकडचे ऊन त्याहून सौम्य नाही, आणि कोकणातला पाऊस व खारे वारे रंगाचे पोपडे काढायला पुरेसे आहेत. त्यात पुन्हा रंगकाम निघाले की रंगारी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने जुना थर खरवडतो. ती धूळ आधी त्याच्याच छातीत जाते, कपड्यांवरून त्याच्या घरी पोहोचते आणि उरलेली खालच्या मातीत बसते. शिसे कुजत नाही, विरत नाही; पडते तिथेच साचून राहते.

शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत जाते. लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषतात. त्यातून बुद्धीची वाढ खुंटते आणि ही हानी भरून निघत नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्याला बॅटऱ्या वितळवण्याचे उद्योगही कारणीभूत आहेत, हे खरे. पण त्यामुळे रंगातले शिसे निर्दोष ठरत नाही. उलट, सर्व स्रोतांपैकी कायद्याने सहज बंद करता येईल असा हा स्रोत आहे.

शिशाशिवाय लोखंड टिकणार नाही, हा मुख्य आक्षेप. झिंक फॉस्फेटचे अस्तर आणि जस्तयुक्त इपॉक्सी लेप गंज रोखण्यासाठी वापरात आहेत, पिवळ्या रंगासाठी बिस्मथ व्हॅनाडेट आणि सेंद्रिय रंगद्रव्ये आहेत. फिलिपिन्सने तर २०१३ च्या आदेशाने मुदत आखून औद्योगिक रंगांनाही २०१९ अखेर हीच ९० ची मर्यादा लावली. दुसरा आक्षेप खर्चाचा. काही पर्यायी रंगद्रव्ये महाग आहेत आणि लहान कारखान्यांना नवे मिश्रण बसवायला वेळ लागेल. म्हणून त्यांना ठरावीक मुदत आणि तांत्रिक मदत द्यावी, कायमची सूट नको. डब्यावर वाचवलेल्या पैशांची किंमत रंगारी आणि मुले प्रकृतीने चुकवत असतील, तर तो रंग स्वस्त म्हणताच येत नाही.

म्हणून ९० भागांची मर्यादा सर्व रंगांना लावणारा कायदा हवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा नमुना कायदाही हेच सुचवतो. जुना रंग काढताना तो ओला करूनच खरवडणे, खाली ताडपत्री अंथरणे आणि कचरा वेगळा उचलणे बंधनकारक करावे. राज्याला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका आपल्या निविदांत शिसेमुक्त रंगाची आणि प्रयोगशाळेच्या दाखल्याची अट आजही घालू शकतात. आमदारांनी ती येत्या अधिवेशनात मागावी आणि खासदारांनी कायद्यातली ही फट बुजवावी.