वारी संपल्यावरची वाट

आषाढी वारीला नर्सीहून संत नामदेवांची पालखी पंढरपूरकडे निघते, तेवढ्यापुरतं हिंगोलीला चालणं आठवतं. एरवी नर्सी काय नि औंढा नागनाथ काय, गाडीनेच. १ मे १९९९ला स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात बाराही महिने पायी हिंडणारी मंडळं हवीत, कारण इथला ऋतू काचेआडून कळत नाही. श्रावणात हळदीची हिरवी पानं बांधापर्यंत झुकतात. फाल्गुनात त्याच शिवारात हळद शिजवल्याचा उग्र वास, वाळत घातलेल्या हळकुंडांचे पिवळे पट्टे आणि माळावर पेटलेला पळस.

राबणाऱ्याला कसली आलीय फिरायची हौस, असं कोणी म्हणेल. खरंय, पण शाळकरी पोरं आणि कचेरीतली माणसं शिवारापासून तुटलीत, त्यांचं काय? उन्हाळ्यात पहाटे निघून नऊला सावली गाठता येते. पावसात काळी माती चपलेला शेरभर चिकटते, तेव्हा औंढ्याकडचा मुरमाड डोंगर बरा. पिकं तुडवतील ही शेतकऱ्याची धास्ती मात्र रास्त आहे. म्हणून पांदणीनेच जावं. त्या पांदणी अतिक्रमणानं आक्रसल्या आहेत. चालणारे वाढले तर त्या मोकळ्या करण्याची मागणीही जोर धरेल, आणि बैलगाडीलाही त्याच लागतात.