शपथ जरूर घाला, पण आधी डॉक्टर गाठा

श्रावण जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यांना पांडुरंगाची शपथ घातली आहे. उद्यापासून थेंबही नाही. चालेल ना?" विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आशा असते. ती मोडवत नाही. पण सरळ 'हो' असेही म्हणवत नाही.

कधीमधी घेणाऱ्याने दारू एकदम सोडली तर सहसा काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची, सकाळी उठल्याबरोबर घोट लागणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. दारू मेंदूला मंद करते. त्यावर मात करण्यासाठी मेंदू स्वतःची गती वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की हा उधळलेला मेंदू आवरत नाही. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, आपण कोठे आहोत हे कळत नाही. वेळीच उपचार न झाल्यास असा रुग्ण दगावू शकतो.

आणि नेमके याच वेळी आपल्याकडे काय होते? कोणी 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषाकडे नेतो, कोणी खोलीत कोंडतो, कोणी 'नाटके करतो' म्हणून हात उगारतो. पाय मोडून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या रात्री सलाइन उपटून पळू लागतो, तेव्हा घरचे हळूच सांगतात, "साहेब, रोज घेतात ते." हेच पहिल्या दिवशी सांगितले असते तर? 2020 च्या टाळेबंदीत दारूची दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हाही अनेक ठिकाणी असे रुग्ण रुग्णालयात आणावे लागले होते.

'म्हणजे पिऊ द्यावे असे तुमचे म्हणणे का?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. दारू सुटलीच पाहिजे. पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली सुटावी. मेंदू शांत करणारी औषधे सुरू करून त्यांची मात्रा साधारण आठवडाभरात उतरवत नेतात. सोबत 'बी-वन' जीवनसत्त्व देतात. हा त्रास आटोक्यात येतो. मात्र औषधे आपल्या मनाने दुकानातून आणू नयेत.

खरी लढाई त्यानंतरची. पुन्हा तल्लफ येते, जुने मित्र बोलावतात. म्हणून समुपदेशन, घरच्यांची साथ आणि व्यसनमुक्त मित्रांचा गट हवा. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने हे काम मोठ्या जिव्हाळ्याने उभे केले. जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. 14446 या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

मधुमेह झाला तर आपण शपथ घालत नाही, तपासून घेतो. व्यसनही आजारच आहे. शपथेने मनाला बळ येते, ते येऊ द्या. पण थरथरणारे हात शपथेने थांबत नाहीत. घरात कोणी रोज पीत असेल तर लोकांपासून हवे तर लपवा. डॉक्टरांपासून मात्र लपवू नका.